शाईतला डायनासोर



साहित्य मंडळाच्या व्याख्यानमालेत डायनासोर कशाला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. त्यातून चिनी चित्रकला, आणि तीही संगणकावर. तीन परके पाहुणे एकाच पंगतीला बसवल्यासारखे हे वाटेल. पण यातला एक पाहुणा आपल्या नात्यातला आहे, म्हणून तिथून सुरुवात करते.

चिनी चित्रकलेतल्या एका मोठ्या रीतीला 'श्येई' म्हणतात. शब्दशः अर्थ 'आशय लिहिणे'. चित्र काढणे नव्हे, लिहिणे. आपल्याकडचा जुना शब्दही हाच. संस्कृतात 'लिख्' हा धातू अक्षराला चालतो तसा चित्रालाही चालतो. आलेख्य म्हणजे चित्र. आणि उषेची सखी चित्रलेखा आपल्या सर्वांना ठाऊक आहे. उषेने स्वप्नात एक पुरुष पाहिला. तो कोण, हे शोधण्यासाठी चित्रलेखा एकामागून एक चेहरे लिहीत गेली आणि अनिरुद्धाचा चेहरा आल्यावर उषा म्हणाली, हाच तो.

डायनासोरचे चित्र लिहिणाऱ्याची अडचण या कथेवरून चटकन सांगता येते. इथे चित्रलेखा आहे, पण उषा नाही. 'हाच तो' म्हणणारे कुणीच नाही. माणूस पृथ्वीवर येण्याच्या कितीतरी कोटी वर्षे आधी हे प्राणी संपले. हाती आहेत हाडे, दगडावर उमटलेले काही ठसे, क्वचित पिसांच्या खुणा. बाकी सगळे चित्रकाराने भरायचे. मी गेली काही वर्षे टॅबलेटवर, दाब ओळखणाऱ्या लेखणीने, चिनी रीतीच्या अंगाने डायनासोर लिहिते आहे. ही रीत मी धरली ती तिच्या सौंदर्यासाठी, हे खरेच. पण दुसरे कारण अधिक वजनाचे आहे. न पाहिलेल्या प्राण्याच्या चित्रात कुंचला कुठे थांबवायचा, हा कळीचा प्रश्न असतो. चिनी चित्रकारांनी थांबण्याचा विचार हजार वर्षे केला. संगणक मात्र कुणाला थांबू देत नाही. या दोघांना एकत्र बसवले की काय होते, ते आज सांगायचे आहे.

आधी पाश्चात्त्य परंपरेविषयी थोडे. अमेरिकेत चार्ल्स नाइट, चेकोस्लोव्हाकियात झ्देनेक बुरिअन हे या विद्येतले मोठे चित्रकार. येल विद्यापीठाच्या पीबॉडी संग्रहालयात रुडॉल्फ झालिंगर यांनी १९४७मध्ये पुरे केलेले भित्तिचित्र ११० फूट लांब आहे. ते भव्य आहे, त्याच्यापुढे कुणीही गप्प व्हावे असे आहे. त्यातले डायनासोर जड अंगाचे, सुस्त, शेपूट जमिनीवर टाकलेले. आज कुणी अभ्यासक तसे मानत नाही. चित्रकाराचा यात काही दोष नव्हता. त्या काळचे ज्ञान तेवढेच होते. पण त्या रीतीत एक अडचण मुळातच होती. तिथे आकाश, दलदल, नेचे, कातडीचा रंग, डोळ्यातली चमक, सगळे सारख्याच खात्रीने रंगवलेले असते. हाड सापडलेले असो वा नसो, रंगाचा थर तेवढाच जाड. पाहणाऱ्याला माहितीची जागा कुठली आणि अंदाजाची कुठली हे कळायला मार्गच राहत नाही.

आता चीनकडे वळू. १९९६मध्ये ईशान्य चीनच्या लिआओनिंग प्रांतात सिहेतुन या ठिकाणी एका शेतकऱ्याला एक लहानसा जीवाश्म मिळाला. दगड फुटला की ठशाच्या दोन बाजू होतात, जशी दुधारी पाटी. त्याने एक बाजू बीजिंगच्या संग्रहालयाला आणि दुसरी नानजिंगच्या संस्थेला विकली. प्राणी जेमतेम मीटरभर लांबीचा, बराचसा शेपटीचाच. त्याच्या पाठीवर, मानेवर आणि शेपटीवर मऊ तंतूंची झालर होती. त्याचे नाव पडले सिनोसॉरोप्टेरिक्स, चिनी सरडापंखी. पक्ष्यांच्या थेट कुळात न मोडणाऱ्या डायनासोरच्या अंगावर पिसांचा आरंभ दिसावा, अशी ही पहिलीच गोष्ट. वय सुमारे साडेबारा कोटी वर्षे.

पुढे २०१०मध्ये त्याच तंतूंत सूक्ष्मदर्शकाखाली रंगकणांच्या पिशव्या सापडल्या. आजच्या पक्ष्यांत या पिशव्या लांबट असल्या तर रंग काळा-करडा होतो, आणि गोलसर असल्या तर तांबूस. सिनोसॉरोप्टेरिक्सच्या शेपटीवर गोलसर पिशव्यांचे पट्टे होते आणि मधे मोकळे पट्टे. म्हणजे शेपूट तांबूस आणि फिकट अशा पट्ट्यांची. २०१७च्या अभ्यासात आणखी दोन गोष्टी आल्या: अंग वरून गडद आणि पोटाकडे फिकट होते, आणि डोळ्यांवर काळपट पट्टी होती, चोराने बांधावी तशी. डायनासोरच्या चित्रकाराला आयुष्यात क्वचित मिळणारी ही चैन आहे. रंग माहीत असलेला प्राणी!

हा प्राणी मी गोंगबी रीतीने लिहिला. गोंगबी म्हणजे बारीक, नेटक्या रेषेची रीत. आधी फिकट शाईची सुतासारखी रेघ, मग पाण्यासारख्या पातळ रंगाचे थरावर थर. रेशमावर काम करणारे चिनी चित्रकार कधी कधी रंग कापडाच्या पाठीमागूनही देत. पुढून रेघ, मागून रंग, त्यामुळे रंग आतून आल्यासारखा दिसतो. संगणकात जे थर असतात त्यांची सवय असलेल्या माणसाला हे वाचून हसू येईल, कारण आपण तेच करतो: रेघेच्या थराखाली रंगाचा थर सरकवतो. अंगावरचे तंतू दाखवण्यासाठी कुंचल्याचे टोक बोटांनी चपटे करून त्याचे केस फाकवतात आणि एका फटकाऱ्यात पाच-सात बारीक रेघा उमटवतात. मांजर आणि माकड यांच्या लोकरीसाठी शतकानुशतके वापरलेली ही युक्ती साडेबारा कोटी वर्षांपूर्वीच्या झालरीला अगदी चपखल बसते.

मांडणीसाठी माझ्यापुढे दहाव्या शतकातल्या हुआंग छुआन यांचा एक रेशमी पट आहे. बीजिंगच्या राजवाडा-संग्रहालयातला. त्यावर चोवीस जीव आहेत: पक्षी, किडे, दोन कासवे. त्यांच्याखाली जमीन नाही, मागे आकाश नाही. मुलाला सरावासाठी दिलेला हा नमुना. प्रत्येक जीव रेशमाच्या रिकामेपणात जसाच्या तसा उभा आहे आणि तरीही कुठे अधांतरी वाटत नाही. माझ्या सिनोसॉरोप्टेरिक्सच्या मागेही मी काही ठेवले नाही.

इथे शिए ह या टीकाकाराचा उल्लेख करायला हवा. इ. स. ५००च्या आसपास त्याने चित्राची सहा सूत्रे सांगितली. आपल्या षडंगाशी त्यांची तुलना जाणकारांनी केलेली आहे. तो मोठा विषय, आज बाजूला ठेवते. त्यातले पहिले सूत्र प्राणाच्या लयीचे: चित्रातला जीव हलला पाहिजे. दुसरे सूत्र अस्थिरीतीचे: कुंचल्याच्या रेघेत हाड असले पाहिजे. त्याला खरीखुरी हाडे अभिप्रेत नव्हती. रेघेची आतली ताकद म्हणायची होती. पण पुराजीवशास्त्राच्या चित्रकाराने हे सूत्र सरळ अर्थाने घेतले तरी बिघडत नाही. माझे प्रत्येक चित्र सांगाड्याच्या मोजमापापासून सुरू होते. सर्वांत खालच्या थरावर हाडे, त्यावर स्नायूंचा अंदाज, त्यावर कातडी. शेवटी खालचे थर मिटवायचे, पण रेघ अशी पडली पाहिजे की गुडघा कुठे, घोटा कुठे, हे आतून सांगितले जाईल. आणि मग 'मोगू' नावाची बिनहाडांची रीतही चिनी परंपरेतच आहे, जिथे बाह्यरेषा नसते, नुसता रंगाचा डाग आकार धरतो. ती मी डायनासोरला लावत नाही. माझ्या पदरात हाडे सोडून फारसे काही नसताना हाडेच सोडून द्यायची, हे मला पटत नाही.

आता एक गोष्ट सांगते. अकराव्या शतकातला कवी सू शी याने ती लिहून ठेवली आहे. एका रसिक गृहस्थाकडे शेकडो चित्रे होती. त्यांत त्याचे सर्वांत आवडते चित्र दाई सोंगने काढलेल्या झुंजणाऱ्या बैलांचे. ते तो किनखापाच्या पिशवीत जपून ठेवी. एकदा चित्रांना ऊन दाखवायला बाहेर पसरली असताना एक गुराखी पोरगा तिथे आला, टाळ्या पिटून हसू लागला. म्हणाला, झुंजताना बैलाचे सगळे बळ शिंगांत असते, शेपूट तो मांड्यांत दाबून धरतो; इथे तर शेपट्या उडवताहेत! गृहस्थाने हसून मान्य केले. गोव्यातल्या धिरयो पाहिलेली मंडळी इथे असतील, तर त्यांनी गुराख्याची बाजू खरी की चित्रकाराची, ते मला नंतर सांगावे.

याच सू शीने हुआंग छुआनवरही बोट ठेवले आहे. त्याच्या उडत्या पक्ष्याची मान आणि पाय दोन्ही ताणलेले आहेत, आणि असे होत नाही, एक ताणले की दुसरे आवळलेले असते, असे कुणी म्हणाले. सू शीने पडताळून पाहिले आणि ते खरे निघाले म्हणतो. आपल्याकडे तळ्याकाठी सारस उडताना पाहिलेल्यांना मात्र हे खटकेल. सारस मान आणि पाय दोन्ही सरळ धरून उडतो. म्हणजे गुराख्यालाही सगळेच गुरे-पाखरे ठाऊक नसतात.

पण या गोष्टींचे मोल मला फार वाटते. कारण चिनी परंपरेविषयी आपल्याकडे एक सोपा समज आहे की तिथे साम्याला किंमत नाही, नुसता भाव महत्त्वाचा. आणि 'मी भाव लिहिला' म्हणून हातातली चूक झाकायला ही फार सोयीची पळवाट आहे. तीन बोटांऐवजी चार काढली, तर भाव! सू शी स्वतः नुसत्या साम्याने चित्र तोलणे पोरकट मानणारा. तरी तो गुराख्याची गोष्ट लिहून ठेवतो. डायनासोरच्या चित्रकाराचा गुराखी म्हणजे अभ्यासक. त्याचे हसू ऐकून घ्यावे लागते.

हे हसू सर्वांत जास्त ऐकू येते ते झाडांच्या बाबतीत. चिनी चित्र म्हटले की डोळ्यांपुढे बांबू येतो. प्लमची फुलांनी लदलेली फांदी येते, ऑर्किड आणि शेवंती येते. या चौघांना तिथे चार सज्जन म्हणतात. पण लिआओनिंगच्या त्या तळ्याकाठी यांतला एकही सज्जन नव्हता. बांबू हे गवत, आणि तेव्हा गवताचा पत्ता नव्हता. प्लम आणि शेवंती तर फारच उशिराची. सपुष्प वनस्पतींची नुकती सुरुवात होती. लिआओनिंगमध्येच आर्केफ्रुक्टस नावाची पाणवनस्पती सापडली, जिची फुले पाकळ्यांशिवायची, ओळखूही न येणारी. तेव्हा सिनोसॉरोप्टेरिक्सला बांबूच्या बनात उभे केले तर ते मावळ्याच्या मनगटावर घड्याळ बांधल्यासारखे आहे.

मग काय लिहायचे? बांबूचा फटकारा वाया जाऊ द्यायचा नाही, एवढे मी ठरवले. एक्विसेटम म्हणजे हॉर्सटेल ही वनस्पती तेव्हा होती आणि आजही आहे. ती पाण्याकाठी उभी वाढते, पोकळ, पेरापेरांची. बांबूचे पेर लिहिण्याची जी पद्धत आहे, कुंचला टेकवायचा, वर ओढायचा, थांबायचे, उचलायचे, मधे बारीक फट सोडायची, ती हॉर्सटेलला जशीच्या तशी लागू पडते. फक्त पाने नाहीत. पेराशी दातेरी कंगोरा. सूचिपर्णी झाडे होती, त्यांना चिनी देवदाराच्या सुया चालतात. गिंको होता, आणि गिंकोचे पंख्यासारखे पान आजही चिनी देवळांच्या अंगणात पडते. एवढ्या सामग्रीत चित्र उभे राहते. उलट हॉर्सटेलच्या झुडपापाशी पाहणारा क्षणभर अडखळतो, हा बांबू नाही हे त्याच्या लक्षात येते आणि मग तो काळाचा विचार करू लागतो.

आता यंत्राकडे येते. चांगल्या लेखणीला आज दाबाच्या ८१९२ पायऱ्या ओळखता येतात. लेखणी तिरकी धरली की रेघ रुंद होते. रिबेलसारख्या प्रणालीत पाणी कागदावर पसरते, वाळते, कडेला गडद रेघ सोडते. श्वान कागद म्हणजे चिनी चित्रकाराचा टिपकागदासारखा शोषणारा कागद. त्याच्यावर शाई टेकली की फुटते. बारीक कामासाठी तोच कागद तुरटी आणि सरस यांच्या पाण्याने बुजवून घेतात. हे दोन्ही कागद पडद्यावर बऱ्यापैकी साधतात. साधत नाही ती भीती. कच्च्या श्वान कागदावर रेघ एकदा पडली की पडली. संगणकावर दोन बोटे टेकवली की रेघ मागे जाते. हजार वेळा जाते.

या सोयीचा परिणाम रेघेत दिसतो. परत घेता येईल हे माहीत असलेला हात वेगळा चालतो. तो चाचपत चालतो. म्हणून मी काम दोन भागांत ठेवले आहे. गोंगबीच्या बारीक कामात मागे जाण्याची मुभा, कारण तिथे मूळ परंपरेतही आराखडा आधी कागदावर सुधारून मग रेशमावर उतरवतात. श्येईच्या मोकळ्या रेघेत मुभा नाही. रेघ बिघडली तर तो अख्खा थर टाकून नव्याने सुरुवात. एका यूटिरॅनससाठी असे पन्नासेक थर गेले. कुणी म्हणेल ही हौशी शिक्षा आहे. पण एकावन्नाव्या रेघेत जो वेग येतो, तो मागे-पुढे करून येत नाही.

दुसरी गोष्ट भिंगाची. पडद्यावर चित्र कितीही मोठे करून पाहता येते, आणि मोठे केले की प्रत्येक कोपरा काहीतरी मागू लागतो. इथे एक खवला, तिथे एक सुरकुती. तासन् तास जातात आणि शेवटी आपण अशा खवल्यांवर मेहनत केलेली असते ज्यांचा पुरावा कुठेच नाही. प्रणालीत तयार खवल्यांचे शिक्केसुद्धा मिळतात. बोट फिरवले की मगरीची कातडी. कागद माणसाला हातभर अंतरावर धरतो, ते अंतर मी पडद्यावर नियमाने पाळते. ठरावीक मापाच्या पलीकडे चित्र मोठे करायचे नाही.

आणि आता तर चित्र न काढताच चित्र देणारी यंत्रे आली आहेत. 'चिनी शैलीतला डायनासोर' एवढे सांगा, क्षणात धुके, चंद्र, टोकदार डोंगर, बांबू आणि कोपऱ्यात लाल शिक्का हजर. शिक्क्यावरची अक्षरे कुठल्याच भाषेतली नसतात. यावर मी फार बोलत नाही. एवढेच दाखवून देते की त्या यंत्राला रिकामी जागा ठेवता येते, पण ती का ठेवली हे त्याच्याजवळ नसते.

रिकाम्या जागेला चिनी चित्रकार 'लिऊबाई' म्हणतात, पांढरे राखणे. दक्षिण सोंग काळातला मा युआन चित्राचा एक कोपरा लिहून बाकीचा भाग सोडून देई. लोक त्याला कोपऱ्यातला मा म्हणत. ते पांढरे म्हणजे कधी पाणी, कधी धुके, कधी आकाश. माझ्या कामात त्याला आणखी एक अर्थ मिळाला: जे ठाऊक नाही ते. यूटिरॅनसचेच उदाहरण घ्या. २०१२मध्ये जाहीर झालेला हा लिआओनिंगचा मोठा शिकारी, सुमारे नऊ मीटर लांब, आणि अंगावर वीतभर लांबीचे तंतू. तेव्हा तिथले हवामान थंड होते. पण तंतूंचे ठसे शरीराच्या काही भागांवरच मिळाले आहेत. चित्रात मी त्याला हिमात उभे केले. जिथे ठसे आहेत तिथे, मानेशी आणि शेपटीशी, ओल्या शाईचे दाट फटकारे. पोटाशी आणि मांड्यांशी रेघ पडत्या बर्फात विरून जाते. पाहणाऱ्याला ते बर्फ वाटते. अभ्यासकाला त्यातला प्रामाणिकपणा दिसावा अशी माझी आशा आहे.

हे शिकले ते ड्रॅगनच्या चित्रांवरून, हे सांगितले पाहिजे. बॉस्टनच्या संग्रहालयात चेन रोंगचे नऊ ड्रॅगनचे गुंडाळीचित्र आहे, १२४४चे. त्यात ड्रॅगन क्वचितच पुरा दिसतो. ढगातून पंजा येतो, लाटेत वेटोळे बुडते. लपवण्याची ही कला घेण्याजोगी आहे. पण ड्रॅगन घेण्याजोगा नाही. चिनी भाषेत डायनासोरला 'कोंगलोंग' म्हणतात, भयंकर ड्रॅगन, त्यामुळे दोघांची गल्लत करण्याचा मोह फार होतो. मिशा लावा, ज्वाळा लावा, मोती द्या. मला हे आळसाचे वाटते. ड्रॅगनला हरणाची शिंगे, गरुडाची नखे आणि माशाचे खवले असे जुळवून बनवले आहे. त्याला हाडांचे बंधन नाही. डायनासोरला आहे. चिनी औषधांच्या दुकानांत शतकानुशतके 'ड्रॅगनची हाडे' म्हणून जी कुटून विकली गेली, ती जुन्या प्राण्यांची अश्मीभूत हाडेच होती. एकदा ती कुटून झाली आहेत, पुन्हा चित्रात कुटायला नकोत.

रंगाविषयी एकच सांगते. चिनी म्हण अशी की शाईत पाच रंग असतात. मायक्रोरॅप्टर हा कावळ्याएवढा, चारही अवयवांना पंखांची पिसे असलेला डायनासोर. २०१२च्या अभ्यासात त्याचा रंग झळाळीचा काळा निघाला, उन्हात निळसर चमकणारा. देवदाराच्या काजळीची शाई निळसर झाकेची आणि मंद असते, तेलाच्या काजळीची चकचकीत आणि उबदार. पडद्यावर मी या दोन शायांचे दोन थर केले, एकावर एक, वेगवेगळ्या कोनांतून. निळा रंग एकदाही वापरला नाही. तरी पाहणारे निळा कुठला वापरला, असे विचारतात.

अंगशास्त्र आणि शाई यांची गाठ आधी कुणी घातलीच नव्हती असे नाही. शू बेईहोंग पॅरिसला शरीररचना शिकून आले आणि त्यांचे शाईचे घोडे जगभर गेले. त्या घोड्यांत आयाळ एका फटकाऱ्याची, पण सांधा मात्र जागच्या जागी. रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून ते शांतिनिकेतनात येऊन राहिले, १९४०मध्ये भारतातच त्यांनी 'डोंगर हलवणारा म्हातारा' हे आपले मोठे चित्र लिहिले.

शेवटी चित्रावरच्या लेखनाबद्दल, कारण हा विषय आपल्या मंडळाचा. चिनी चित्रावर लिहितात: कविता, तारीख, कुणासाठी काढले ते. नंतरचे मालकही लिहितात. चियानलोंग सम्राटाने तर आपल्या संग्रहातल्या चित्रांवर इतके शिक्के मारले की काही ठिकाणी डोंगर शोधावा लागतो. चित्र चिनी रीतीचे म्हणून मी खोटी चिनी अक्षरे कधी लिहीत नाही. वाचता येत नाही ते सजावट म्हणून चिकटवणे हा त्या लिपीचा अपमान आहे. मी मोडी लिहिते. लेखणी न उचलता पळणारी मोडी आणि चिनी पळती लिपी यांची जात जवळची आहे. पडद्यावरच्या लेखणीचे टोक बोरूसारखे तिरके छाटून घेता येते. होळकरांच्या दफ्तराच्या या गावी मोडी वाचणारे अजून आहेत, हे माझे भाग्य.

आणि त्या मोडीत मी काय लिहिते, तर हिशेब. सिनोसॉरोप्टेरिक्सच्या चित्रावर लिहिले आहे: शेपटीचे पट्टे दगडावरून, डोळ्यावरची पट्टी दगडावरून, बुबुळाचा रंग माझा, मान वळवणे माझे, ऊन माझे. जमाखर्चाच्या वहीत जमा आणि नावे अशा दोन बाजू असतात, तशा. पाश्चात्त्य चित्राच्या चौकटीत या मजकुराला जागा नव्हती. तो खाली पाटीवर जाई आणि पाटी कुणी वाचत नसे. चिनी रीतीत लेखन चित्राच्या आतच बसते.

सध्या माझ्या पडद्यावर जे चित्र आहे ते मात्र चीनचे नाही. आपल्या धारपलीकडे बाग आणि कुक्षीच्या परिसरात डायनासोरची घरटी सापडली आहेत. २०२३मध्ये जाहीर झालेल्या अभ्यासात ९२ घरटी आणि २५६ अंडी मोजली गेली. त्याच सुमारास अशीही बातमी आली की धार जिल्ह्यातल्या पाडल्या गावात असे गोल दगड शेतीचे रक्षण करणारा काकड भैरव म्हणून पिढ्यान् पिढ्या पुजले जात होते, आणि ती अंडी निघाली. त्यांना शेंदूर लागला होता, नारळ फुटत होते. चीनमध्ये हाडे कुटली गेली, इथे अंड्यांना देवत्व मिळाले. जपण्याच्या दृष्टीने आपली रीत बरी.

अंडी साधारण पंधरा ते सतरा सेंटिमीटर व्यासाची, कवचाच्या घडणीवरून टायटॅनोसॉर कुळातली. पण नेमक्या कुठल्या जातीने ती घातली, हे कवचावरून ठरत नाही. चित्रात सहा अंडी आहेत, वाळूच्या खळग्यात, फिकट शाईच्या एकेका वळणाने लिहिलेली. भोवती नदीकाठचा चिखल. वर कागदाचा बराच मोठा भाग आहे, जिथे आई असायला हवी. लांब मानेचे, कित्येक टनांचे जनावर. तो भाग मी कोरा ठेवला आहे. मोडीत फक्त अंड्यांचे माप लिहिले आहे, आणि त्याखाली 'आई' एवढे लिहून पुढची जागा सोडली आहे. पुढेमागे कवचाच्या आत एखादे पिल्लू सापडले, तर तिथे नाव लिहिता येईल. थर वेगळा ठेवलेलाच आहे.